राखणें, जपणें आणि इंग्रजी ‘प्रिझर्व्ह’

नागपुराहून अमरावतीच्या रस्त्यानें पश्चिमेस निघालें म्हणजे वाडी लागते. ‘वाडी’ या शब्दाचा एक जुना अर्थ कुंपण घातलेला मळा असा आहे. या वाडीची आजची ओळख मात्र मालाच्या गुदामांमुळें आहे. अशा एखाद्या गुदामाच्या दारांत उभें राहून तेथील व्यवहार इंग्रजींत सांगूं लागणारा विद्यार्थी लवकरच अडतो. पहारेकरी माल राखतो, ताडपत्री त्याला पावसापासून वांचविते, हमाल कांचेचें सामान जपून उतरवितो आणि कारकून पावत्या सांभाळतो. हीं चार क्रियापदें मराठी माणसाला कोणी शिकवावीं लागत नाहींत. इंग्रजी बोलतांना मात्र तो चारही ठिकाणीं ‘प्रिझर्व्ह’ म्हणून मोकळा होतो. ‘तुमची छत्री मीं प्रिझर्व्ह केली आहे’ असें वाक्य इंग्रज माणसानें ऐकलें, तर छत्रीचा मुरांबा घातला कीं काय, अशी शंका त्याला यावी!

या घोटाळ्याचें मूळ असें आहे कीं, कोशांत या सर्व क्रियापदांपुढें ‘रक्षण करणें’ हा एकच अर्थ बहुधा सांपडतो. वास्तविक ‘प्रिझर्व्ह’, ‘कन्झर्व्ह’ आणि ‘रिझर्व्ह’ हीं तिन्ही लॅटिन भाषेंतील ‘सेर्वारे’, म्हणजे राखणें, या एकाच धातूचीं अपत्यें होत. ‘प्रोटेक्ट’चें कूळ निराळें, त्याच्या पोटांत पुढें आच्छादन धरण्याची कल्पना आहे. भावंडें असलीं तरी प्रत्येकाचा शत्रु वेगळा, आणि तो ओळखला कीं क्रियापद आपोआप हातीं येतें.

संत्र्याच्या बागेचें उदाहरण घ्यावें. गुरें शिरूं नयेत म्हणून भोंवतीं कांटेरी कुंपण घातलें, तें ‘प्रोटेक्ट’; येथें शत्रु बाहेरचा असतो, म्हणून पुढें ‘फ्रॉम’ किंवा ‘अगेन्स्ट’ येतें. फळांचा पाक करून बरणींत भरला, तें ‘प्रिझर्व्ह’. येथें शत्रु काळ आहे, आणि वस्तु नासूं न देतां टिकविणें हा हेतु आहे. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी बेतानें पुरविलें, तें ‘कन्झर्व्ह’. येथें शत्रु आपलाच उधळेपणा. विहिरींत पडलेलें वासरूं वर काढलें, तें ‘सेव्ह’. कारण संकट अंगावर आलेलेंच होतें. पैसा किंवा वेळ वांचविणें यालाहि ‘सेव्ह’च म्हणतात. पहारेकऱ्याचें काम ‘गार्ड’, आणि धोका येण्यापूर्वींच केलेली तजवीज म्हणजे ‘सेफगार्ड’. छत्रीपुरतें साधें ‘कीप’ पुरेसें आहे.

हा भेद केवळ परीक्षेच्या उपयोगाचा नाहीं. भारतांतील १९०४ चा कायदा प्राचीन वास्तूंच्या ‘प्रिझर्व्हेशन’चा, १९७२ चा वन्य प्राण्यांच्या ‘प्रोटेक्शन’चा आणि १९८० चा वनांच्या ‘कन्झर्व्हेशन’चा आहे. वास्तूला काळ खातो, प्राण्याला शिकारी मारतो आणि वनाला माणसाची हांव संपविते. तिन्ही शब्द आपापल्या जागीं आहेत. १९८० च्या कायद्याचें नांव २०२३ सालीं बदललें, तेव्हां त्या एका इंग्रजी शब्दाच्या जागीं ‘संरक्षण’ आणि ‘संवर्धन’ असे दोन शब्द योजावे लागले. जंगल नुसतें अडवून भागत नाहीं, तें वाढवावेंहि लागतें.

याहून बोलकें उदाहरण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत आहे. त्यांत ‘रिझर्व्ह्ड’ आणि ‘प्रोटेक्टेड’ असे जंगलांचे वर्ग आहेत. मराठींत त्यांना राखीव वन आणि संरक्षित वन म्हणतात. ऐकणाराला ‘संरक्षित’ हा शब्द अधिक कडक वाटतो. वस्तुस्थिति उलट आहे. राखीव वनांत ज्याची मुभा दिलेली नाहीं तें सामान्यतः निषिद्ध. संरक्षित वनांत ज्याची मनाई केलेली नाहीं तें सामान्यतः चालतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलांतील रहिवाशांचे हक्क मान्य केले, तरी हे दोन वर्ग कायम आहेत. विदर्भांत जंगलालगत पुष्कळ गांवें आहेत. तेथें सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईचा दिवस कसा जाईल, हें पाटीवरील त्या एका शब्दावर अवलंबून असूं शकतें. तिच्यापुढें कागद वाचून दाखविणारानें या दोन शब्दांची गल्लत केली, तर चुकीचें प्रायश्चित्त त्याला नव्हे, तिला भोगावें लागतें.

म्हणून इंग्रजी क्रियापद निवडण्यापूर्वीं मराठींतच एक प्रश्न विचारावा : राखावयाचें तें कशापासून? चोरापासून, पावसापासून, काळापासून कीं स्वतःच्याच हातापासून? घरांतील मुलांना ही एवढी संवय लावली, तर कोश उघडण्यापूर्वींच अर्धें उत्तर मिळालेलें असेल. आणि राखणें, जपणें, सांभाळणें, वांचविणें हे आपले शब्दहि त्या निमित्तानें नीट वापरले जातील. भाषेंतील शब्दांनाहि जतन लागतें, आणि तें बरणींत घालून होत नाहीं. नित्य वापरूनच होतें.