इमामपूरच्या घाटात गाडी का दमते?

नगर शहरात तक्रार न करता फिरणारी जुनी पेट्रोल गाडी संभाजीनगरच्या रस्त्याला लागते आणि इमामपूरच्या घाटात मान टाकते. पाथर्डीकडे निघालं, की हीच परीक्षा करंजी घाट घेतो. मालक गॅरेजात येऊन सांगतो, "गाडी ओढत नाही." बऱ्याच ठिकाणी उत्तर तयारच असतं: "इंजिन कामाला आलंय." खर्चाचा आकडा ऐकून माणूस हबकतो. इंजिन खोलायची गरज होती का, हे मात्र कुणी तपासलेलं नसतं.

निम्मा शोध तर इंजिनाबाहेरच घ्यावा लागतो. ब्रेक न दाबता चार-पाच किलोमीटर चालवून थांबल्यावर एकच चाक चटका बसण्याइतकं तापलं असेल, तर ब्रेक धरतोय. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, वर जळका वास येतो, तर क्लच सरकतोय. अशा गाडीचं इंजिन उतरवणं म्हणजे निव्वळ पैसे फेकणं.

या दुखण्याशी नगरची ओळख जुनी आहे. ह. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली बाजारात आणलेली लूना नगरच्या कारखान्यात तयार होत असे. इंजिन ५० सीसीचं, टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. ते जळून उरलेली काजळी सायलेन्सरमध्ये आणि एक्झॉस्ट पोर्टच्या तोंडाशी साचत जाते. जळका वायू बाहेर पडला नाही, तर ताजं मिश्रण आत शिरणार कुठून? गाडी चालू तर होते, पण चढावर पायडल मारावे लागतात. काजळी खरवडली, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ केला, की बहुतेक वेळा ताकद परत येते. पिस्टनला हातही लावावा लागत नाही.

फोर-स्ट्रोक कारमध्ये भाग वाढतात, तर्क तोच राहतो. एअर फिल्टर धुळीने गच्च नाही ना, हे आधी बघायचं. जिल्ह्यातले उन्हाळी रस्ते पाहता ही शंका फुकट जात नाही. मग कार्ब्युरेटर. चढावर गाडी दमली, की चोक थोडा ओढून पाहायचा. त्याने जोर आला तर पेट्रोल कमी पडतंय. कचरा मेन जेटमध्ये असेल किंवा फिल्टरमध्ये, नाहीतर पंप थकला असेल. चोकने गाडी आणखीच गुदमरली, तर कारण दुसरीकडे आहे.

प्लग काढला की तोही बोलतो. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. टोक पांढरंफटक असेल तर कमी. तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय. पॉइंटच्या (कॉन्टॅक्ट ब्रेकरच्या) गाड्यांत एक चोरटा दोष असतो. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. हे इतकं हळूहळू घडतं, की रोज चालवणाऱ्याला जाणवतच नाही.

एवढं करूनही गाडी दमत असेल, तेव्हाच कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. समजा मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांपैकी दोनांत १५० आणि एकात ९० पीएसआय दाब भरला. त्या ९० वाल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब चढला, तर रिंगा झिजल्यात. तसाच राहिला, तर वॉल्व्ह नीट बसत नाही किंवा हेड गॅसकेट गेलंय. एकाऐवजी शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब कमी दिसला, तर संशय गॅसकेटवरच जास्त. हेड उतरवावं लागेल की अख्खं इंजिन, हे इथे ठरतं.

आता यात पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलची भर पडली आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात उभा राहिला, तिथल्या वाचकाला मळीपासून इथेनॉल कसं होतं हे सांगायला नको. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. शिवाय जुना कार्ब्युरेटर मोजून देतो तेवढंच देतो, तो मिश्रण स्वतः सुधारत नाही. २० टक्के इथेनॉलवर त्याचं मिश्रण पातळ पडतं, जुन्या रबरी नळ्या फुगतात, टाकीच्या तळाचा गाळ सुटून फिल्टरात येतो. म्हणून अशा गाडीत नळ्या बदलून आधी फिल्टर नवा टाकावा, आणि प्लगचं टोक तरीही पांढरं दिसलं, तर किंचित मोठ्या जेटचा विचार करावा.