फिल्मवरचे न दिसणारे चित्र

वसई तालुक्यातील वटारसारख्या गावी जुन्या घरांच्या माळ्यावर शोध घेतला, तर एखादा आग्फा क्लिक-३ कॅमेरा हाती लागण्याचा संभव आहे. भारतात बनणारा हा साधा कॅमेरा एके काळी पुष्कळ घरांत असे. त्याला लागणारी १२० मापाची कृष्णधवल फिल्म आजही विकत मिळते. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे येतात. वाडीतल्या केळींची चित्रे घेऊन ही फिल्म घरीच धुता येईल का? येईल. मात्र तिच्यावर काय घडते हे आधी समजून घेतले पाहिजे.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. कळ दाबली की क्षणभर प्रकाश आत येतो. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, स्फटिकात एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो. तो सिल्व्हर आयनाला मिळाला की चांदीचा एक अणू तयार होतो. असे चार-पाच अणू एके ठिकाणी जमले की तो ठिपका टिकतो. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. अशा ठिपक्यांनी बनलेल्या चित्राला ‘सुप्त प्रतिमा’ म्हणतात. तिचा हा उलगडा गर्नी आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९३८ साली केला.

आता डेव्हलपरचे काम पाहू. हे द्रावण सिल्व्हर आयनांना इलेक्ट्रॉन पुरवते. ज्या स्फटिकावर ठिपका आहे, तेथे ही क्रिया आधी सुरू होते आणि अखेर सबंध स्फटिकाची काळी चांदी होते. एक मायक्रॉन बाजूचा घनाकृती स्फटिक घेतला, तर त्यात चांदीचे सुमारे २००० कोटी अणू असतात. चार अणूंच्या ठिपक्यापासून इतके अणू, म्हणजे सुमारे ५०० कोटी पट वाढ!

परंतु डेव्हलपरमध्ये फिल्म जास्त वेळ राहिली, तर प्रकाश न लागलेले स्फटिकही काळे पडू लागतात. म्हणून वेळ आणि तापमान यांना फार महत्त्व आहे. २०° सेल्सिअसला आठ मिनिटे लागत असतील, तर २४° ला सुमारे साडेपाच मिनिटे पुरतात. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाचे पाणी ३०° च्या आसपास असते. तेव्हा द्रावणाचे भांडे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा आणि तापमापकाने खात्री करून घ्या. बारा चित्रांची ही परीक्षा एकदाच होते.

घरी फिल्म धुण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत झळकला. त्याची फिल्म घरीच धुतली जाई आणि त्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. त्या काळच्या फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, म्हणून लाल दिव्यात काम चाले. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्मना लाल प्रकाशही ‘दिसतो’. म्हणून रात्री, खिडकी नसलेल्या खोलीत, पूर्ण अंधारातच फिल्म टाकीच्या चक्रीवर गुंडाळावी. टाकीचे झाकण लागले की दिवा लावण्यास हरकत नाही.

डेव्हलपर ओतून टाकल्यावर टाकी पाण्याने विसळा आणि हायपो घाला. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते चांदीचे क्षार विरघळवते, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ साली दाखवले होते. उरलेले सिल्व्हर ब्रोमाइड त्यात विरघळून जाते आणि मग फिल्म उजेडात आणता येते. नंतर ती भरपूर पाण्याने धुवा. समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी पुष्कळदा क्षारयुक्त असते. ते सुकताना फिल्मवर पांढरे डाग राहतात. म्हणून शेवटचे विसळणे ऊर्ध्वपातित पाण्यात करावे. हे सारे काम हातमोजे घालून आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

यापुढची गोष्ट चित्राहूनही महत्त्वाची आहे. चित्राच्या कामी न आलेली सगळी चांदी वापरलेल्या हायपोत उतरलेली असते. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना आणि माशांना चांदीचे आयन घातक असतात. वसईच्या वाड्यांमध्ये विहिरी आणि बावखले, म्हणजे लहान तळी, अगदी घराजवळ असतात. तेव्हा हा हायपो मोरीत किंवा बावखलात मुळीच ओतू नका. प्लॅस्टिकच्या बरणीत त्यात लोखंडाचा बारीक कीस टाकून दोन दिवस ठेवा. लोखंड द्रावणात जाते आणि चांदी करड्या-काळ्या गाळाच्या रूपाने बाहेर येते. गाळ आणि उरलेले द्रावण शाळेच्या प्रयोगशाळेतील रासायनिक कचऱ्यात जमा करा.

लोखंडाऐवजी तांब्याची पट्टी टाकली तर काय होईल? आणि सोन्याची तार टाकली तर? धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी पुढे ठेवून उत्तर आधी वहीत लिहा. तांब्याचा प्रयोग करून ते ताडून पाहा. सोन्याच्या तारेसाठी मात्र श्रेणीवरच विश्वास ठेवा!