फाळाचं पुढं काय झालं?

सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ती सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेलीवर ही पाळी पहिल्यांदा आली. धरणाच्या भिंतीखाली तीन-साडेतीन किलोमीटरवर, नर्मदेतल्या साधू बेटावर, १८२ मीटर उंचीचे सरदार पटेल उभे आहेत. विस्थापनावर पुष्कळ लिहून झालं आहे, ऐकलं मात्र कमी गेलं. मला इथे त्या पुतळ्यात गेलेल्या भंगाराविषयी लिहायचं आहे.

२०१३ च्या अखेरीस देशभरातल्या शेतकऱ्यांकडे लोखंड मागण्यात आलं. झिजलेले फाळ, मोडके विळे, कुदळी, जे असेल ते द्या, त्यातून पुतळा उभा राहील. कल्पना फार देखणी होती. २०१६ पर्यंत सुमारे १३५ टन लोखंड जमलं आणि प्रक्रिया होऊन त्यातलं सुमारे १०९ टन पायाच्या कामी आलं. पुतळ्याच्या काँक्रीटमध्ये एकूण सळई गेली सुमारे १८,५०० टन. हिशेब केला तर शेतकऱ्यांचा वाटा शेकडा एकसुद्धा भरत नाही. बाहेरून दिसतं ते कांस्य, आणि त्याचे पत्रे चीनमधल्या ओतशाळेतून आले. कुणाचा फाळ कुठे गेला हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

लोखंड वितळलं की त्याची ओळख पुसली जाते. भंगारातून शिल्प करणारा कलावंत नेमकी ही ओळख शिल्लक ठेवतो. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. ते बघताना बैलही दिसतो आणि सायकलही. आपल्याकडे मुंबईचे अर्झान खंबाटा शिक्षणाने वास्तुविशारद, पण नाव झालं ते भंगारातल्या शिल्पांमुळे. दिल्लीत २०१९ साली महापालिकेने एका बागेत सुमारे १५० टन भंगारातून जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या. तिथला ताजमहाल सायकलच्या रिंगा, विजेच्या खांबांचे पाइप आणि बागेतले मोडके झोपाळे जोडून झाला आहे. कला म्हणून तो सारा प्रकार मला बेताचाच वाटतो; आयफेल टॉवरची नक्कल पत्र्यात केली काय नि प्लास्टरमध्ये केली काय! पण लोक तिकीट काढून भंगार बघायला येतात, हे त्या बागेने दाखवून दिलं.

भंगारातून शिल्प करणं वाटतं तितकं सोपं नाही. गाडाभर माल आला की आधी निवड. बेअरिंग, चेन, गिअर, स्पार्क प्लग, पाने यांचे वेगळे ढीग लागतात, कारण पाय कशाचा आणि डोळा कशाचा हे ढिगाकडे बघतच सुचतं. मग सळईचा सांगाडा. तुकडे आधी नुसते टाके मारून धरायचे, चार पावलं मागे सरून बघायचं, पटलं नाही तर ग्राइंडरने टाका कापायचा. साधं पोलाद निमूट जोडलं जातं. बीड मात्र हट्टी. ते आधी तापवावं लागतं, निकेलचा रॉड लागतो, आणि घाईने गार झालं की जोडाशेजारीच तडकतं. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर पांढरा धूर निघतो; तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. म्हणून मुलामा आधी घासून काढायचा. शेवटी गंज. कुणी तो ठेवून वर पारदर्शक लॅकर मारतात, कुणी सगळं काळं रंगवतात. रंगवलं की निम्मी मजा गेली, हे माझं मत.

असं काम करणारा स्टुडिओ वाढतो कशावर? खानदेशाने याचं उत्तर दिलेलं आहे, जरी ते भंगारातलं नसलं तरी. पटेलांच्या त्या पुतळ्याचे शिल्पकार राम वनजी सुतार हे धुळ्याजवळच्या गोंदूरचे, जन्म १९२५. तेव्हा धुळे-नंदुरबार सगळं एकच पश्चिम खानदेश होतं. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. राम सुतार यांचे वडील गावात सुतारकाम करत. शिक्षक श्रीराम कृष्ण जोशी यांनी मुलातली कला ओळखली आणि त्याला जे. जे. स्कूलची वाट दाखवली. १९५३ मध्ये मेयो सुवर्णपदक, मग पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींची डागडुजी, मग दिल्लीत सरकारी नोकरी, आणि तीही सोडून स्वतःचं काम. नाव झालं ते गांधीसागर धरणावरच्या ४५ फुटी चंबळ देवीमुळे. पुढे नोएडात स्टुडिओ, साहिबाबादला स्वतःची ओतशाळा, हाताशी मुलगा अनिल. हा विस्तार बक्षिसांनी झाला नाही. एका पाठोपाठ एक कामं मिळत गेली आणि ती देणारं बहुतेक वेळा सरकार होतं. गावात राहून हे जमलं असतं का? मला शंका आहे.

भंगाराच्या शिल्पाला मात्र दिल्ली लागत नाही. ओतशाळा नको, भट्टी नको. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, गॅस कटर आणि शेड एवढ्यावर सुरुवात होते. ट्रॉल्या बांधणारा वेल्डर तालुक्याच्या गावात बसलेलाच असतो. शहाद्याच्या उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांना तोटा नाही, बैलगाड्या गेल्या आणि त्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा परसात पडून राहिल्या. उणीव आहे ती एकाच गोष्टीची, पहिलं काम देणाऱ्याची.

ते कुठून मिळावं, हेही सांगतो. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर ठाऊक आहे. यात्रेच्या वाटेवर जुन्या नालांचा, फाळांचा आणि धावांचा एक घोडा उभा राहायला काय हरकत आहे? ग्रामपंचायतीने जागा द्यावी, यात्रेच्या खर्चातून वेल्डरची मजुरी द्यावी, लोकांनी लोखंड द्यावं. एकच अट घालावी: काही वितळवायचं नाही, आणि ज्याचा फाळ त्याचं नाव त्यावर कोरायचं.

नंदुरबारच्या वाचकांना एवढंच म्हणणं, घरातला जुना फाळ या वर्षी किलोवर घालू नका.