‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणणाऱ्यांसाठी

सबमिशन उरकतं, पीएल लागते आणि सल्ले सुरू होतात. पहिला ठरलेला: ‘टेन्शन घ्यायचंच नाही.’ हे कुणालाच जमत नाही आणि जमायची गरजही नाही. बेताचा ताण माणसाला टेबलाशी बसवतो. तो वाढत गेला की अवघड काम आधी बिघडतं. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगांत हे नोंदवलं होतं.

‘एक नाइट मारली की पोर्शन कव्हर!’ माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. पोर्शन नजरेखालून जातो, पण वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं आणि आपण कात्री लावतो ती नेमकी झोपेलाच. जोडीला कॉफी. कॅफिन शरीरात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री अकराला घेतलेल्या मगातलं निम्मं पहाटे चारलाही अंगात असतं. सकाळी व्हायवाला जर्नल धरलेला हात थरथरतो, छाती धडधडते, ते सगळंच एक्स्टर्नलच्या भीतीने नसतं.

‘धडधड म्हणजे हार्ट अटॅक.’ पॅनिक अटॅकमध्येही घाम फुटतो, श्वास कोंडतो, बोटांना मुंग्या येतात. तो बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि ओसरतो. तरी पहिल्यांदाच झालं असेल तर डॉक्टरांना दाखवाच; स्वतःचं निदान स्वतः करू नका.

‘गोळ्यांची सवय लागते.’ सरसकट नाही. नैराश्य-चिंतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या अँटीडिप्रेसंट गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते. म्हणून रूममेटच्या पाकिटातली ‘झोपेची अर्धी’ नकोच.

आणि ‘घरी कळेल’? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे थोडेच अपवाद आहेत.

केटी लागली म्हणून चार दिवस उदास वाटणं वेगळं. दोन आठवडे झोप, जेवण, लेक्चर सगळंच विस्कटलं असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका. आत्ताच फोन लावा आणि शेजारच्या खोलीतल्या कुणाला तरी उठवा.