वरिष्ठाचा स्वभाव आणि वरिष्ठाचा हुकूम

महाशिवरात्रीची यात्रा भरली म्हणजे परगांवीं पोटापाण्यास गेलेलीं आमच्या परळीचीं मुलें वैजनाथाच्या पायऱ्यांवर पुनः भेटतात, आणि आम्हां म्हाताऱ्या मास्तरांस वर्षभराचें बोलणें एका बैठकींत ऐकावयास मिळतें. गेल्या यात्रेंत असाच एक जुना विद्यार्थी भेटला. पुण्यास एका कंपनींत तो वित्तप्रमुख आहे. दर्शन आटोपल्यावर पायरीवर बसून तो म्हणाला, "गुरुजी, राजीनामा खिशांत घालूनच आलों आहें."

कारण विचारतां त्यानें सर्व सांगितलें. मालक तापट, चारचौघांत पाणउतारा करितात, रात्रीं अकराला फोन येतो. हें सर्व त्यानें चार वर्षें सोसलें. परंतु आतां मार्चअखेरचा नफा बरा दिसावा म्हणून एप्रिलांत व्हावयाची विक्री याच वर्षाच्या खात्यांत धरण्याचा हुकूम झाला होता. इकडे घरीं वृद्ध आईबाप, धाकट्या भावाचें शिक्षण, घराचे हप्ते. एका पगारावर सात माणसें!

आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, "अरे, तुला त्रास वरिष्ठाच्या स्वभावाचा आहे, कीं वरिष्ठाच्या हुकुमाचा?"

हा भेद सामान्य नव्हे. चिंतामणराव देशमुखांचेंच उदाहरण घ्या. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारे हे गृहस्थ ११ ऑगस्ट १९४३ रोजीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १९५० त देशाचे अर्थमंत्री. परक्या सरकारची चाकरीही त्यांनीं चोख केली होती. परंतु १९५६ त मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचा बेत झाला, तो मंत्रिमंडळास रीतसर न विचारतां झाला असें त्यांचें म्हणणें होतें. गोळीबाराच्या चौकशीची मागणीही मान्य झाली नाहीं. तेव्हां त्या जुलैंत त्यांनीं पद सोडलें आणि कारणें लोकसभेंत उघड सांगितलीं. तो राजीनामा रागाचा नव्हता, तत्त्वाचा होता.

दुसरें उदाहरण त्यांच्याच मागून रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झालेल्या बेनेगल रामरावांचें. नवे अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांची भाषा कठोर. शिवाय हुंड्यांवरील मुद्रांकशुल्क वाढवून सरकार बँकेच्या अधिकारांत हात घालीत आहे, ही तक्रार. बँकेच्या मंडळानें आपलें म्हणणें लेखी कळविलें. पंतप्रधानांनीं मंत्र्यांची बाजू घेतली, आणि जानेवारी १९५७ त रामराव पायउतार झाले. येथें स्वभाव व अधिकार दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. पण भांडण कागदावर आलें तें अधिकाराचें.

कागदाचें महत्त्व पुढच्याच वर्षीं दिसून आलें. आयुर्विमा महामंडळाचा सुमारें सव्वा कोटी रुपये पैसा मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतला, तेव्हां 'संमति कोणाची' या प्रश्नावर मंत्री एक सांगत व सचिव एच. एम. पटेल दुसरें. न्यायमूर्ति छागला यांनीं जबाबदारी मंत्र्यांवर ठेविली. फेब्रुवारी १९५८ त मंत्री गेले, आणि पुढें सचिवांसही सेवा सोडावी लागली. तोंडच्या होकारावर चालणाऱ्यानें हें विसरूं नये.

आज तर कायदाच स्पष्ट आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें, जेथें वित्तप्रमुख नेमलेला असतो तेथें ताळेबंदावर त्याचीही स्वाक्षरी लागते, आणि मोठ्या कपटास कलम ४४७ नें सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. 'मालकानें सांगितलें' हें उत्तर तेथें पुरत नाहीं.

म्हणून आम्हीं त्यास म्हटलें, "स्वभाव सोसण्याजोगा आहे तोंवर सोस, तो सोसवत नसेल तर दुसरी नोकरी शोधून मग जा. पण या हुकुमास आजच नकार दे. तोही सौम्य शब्दांत, कारणासहित आणि लेखी. राजीनामा त्यानंतर."

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आणि हप्ते?"

हा प्रश्न खरा त्याचा नव्हे, त्याच्या घराचा. वाचकहो, ज्या घराचा खर्च पगाराच्या शेवटच्या पैशापर्यंत पोंचला आहे, त्या घरांतील माणसाची स्वाक्षरी अर्धी गहाण पडलेली असते. मुलाच्या पगाराचा आंकडा आपण पाहुण्यांस हौसेनें सांगतों. परंतु त्यास 'नाहीं' म्हणतां यावें म्हणून सहा महिन्यांची बेगमी घरांत आहे काय, हें किती वडीलधारी विचारतात?

वैशाखांत त्याचें पत्र आलें. ती विक्री खात्यांत धरली गेली नाहीं. मालक अजून बोलत नाहींत. दुसऱ्या नोकरीचा शोध चालू आहे, आणि तेथें पगार कमी मिळेल. वडिलांनीं मात्र नवी मोटार घेण्याचा बेत आपण होऊन रहित केला. त्या पत्रांतील हीच ओळ आम्हीं दोनदां वाचली.