काटा पाववर, टाकी कोरडी

फूफीजान आमच्या घरी पेठला आणि तिचे डायलिसिस नाशिकला. आठवड्यातून दोन फेऱ्या, जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर. हे सारे ज्या गाडीच्या भरवशावर चालते, तिचे वय पंचवीस. गाडीचे नाव सांगत नाही. या वयात माणसाचेही काही ना काही बिघडतेच.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी करंजाळी मागे टाकून सावळघाट चढत होतो. धुके इतके की पुढच्या ट्रकचा लाल दिवाच तेवढा दिसत होता. पेट्रोलचा काटा पाववर होता. गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. स्टार्टर फिरे, इंजिन पेट घेईना. प्लग पाहिले, वायरी हलवल्या. टाकी कोरडी असेल हे डोक्यातच आले नाही, कारण काटा पाव म्हणत होता. फूफीजानच मागून म्हणाली, “अरे, हा काटा मी मागच्या जुम्म्यापासून तिथेच बघतेय.”

तिची वेळ दहाची होती. मागून एसटी आली. ड्रायव्हरभाऊंनी घाटातही गाडी थांबवली आणि फूफीजान भाभीबरोबर पुढे गेली. एका जीपवाल्या भाऊंनी परतताना धातूच्या डब्यात दोन लिटर पेट्रोल आणून दिले, तोवर आम्ही दोन तास दरडीखाली भिजत उभे होतो. मशीन तिला उशिरा मिळाले, पण मिळाले. भाभीच्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही त्याच संध्याकाळी काट्याचे काम हाती घेतले.

वाचकहो, ही रचना फार सोपी आहे. टाकीत एका दांडीला तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोल खाली गेले की तोही खाली जातो. दांडीचे दुसरे टोक एका पट्टीवर घासत सरकते आणि विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो. त्या बदलावर डॅशबोर्डचा काटा हलतो. म्हणजे दोष चारच ठिकाणी असू शकतो: फ्लोट, वायर, अर्थिंग किंवा खुद्द मीटर. आपण मात्र सुरुवात मीटरपासून करतो, कारण तेच डोळ्यांसमोर असते. आम्हीही डॅशबोर्ड उघडायलाच निघालो होतो.

मिस्त्रीचाचांनी हात धरला. “आधी इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा. तो ठीक चालतोय ना? मग मीटरची वीज ठीक असणार.” जुन्या पुष्कळ गाड्यांत या दोन्ही काट्यांना एकाच ठिकाणाहून ठरावीक दाबाची वीज मिळते, त्यामुळे दोन्ही एकदम बिघडले तर संशय तिथे. हेडलाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलत असेल, तर बहुधा अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो. तो सँडपेपरने घासून घट्ट केला की काम होते. आमच्याकडे यातले काही नव्हते.

मग त्यांनी टाकीकडून येणारी वायर सोडवली. किल्ली फिरवली, काटा तळाला. किल्ली बंद करून ती वायर, मध्ये एक छोटा बल्ब घालून, गाडीच्या बॉडीला जोडली आणि पुन्हा किल्ली फिरवली. काटा सावकाश वर चढू लागला. म्हणजे वायर आणि मीटर दोन्ही शाबूत, रोग टाकीत. दर वेळी किल्ली बंद करूनच वायर जोडायची, हे चाचांनी तीनदा बजावले. टाकीजवळ ठिणगी उडाली तर काय होईल, ते सांगायला नको. पुढचे काम अंगणात, बॅटरी सोडवून, मुलांना आत पाठवून झाले. ज्याला हे जमत नाही त्याने टाकी उघडूच नये, मिस्त्रीकडे द्यावी.

काही गाड्यांत मागची सीट उचलली की झाकण दिसते. आमची टाकी खाली उतरवावी लागली. युनिट बाहेर काढले तर दांडी खिळीपाशी गंजून अडकलेली, नेमकी पावच्या उंचीवर. फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल डुचमळत नव्हते. त्याला भोक पडून तो बुडाला असता तर काटा कायम तळाला राहिला असता, आणि खरे तर ते बरे झाले असते. रिकामी टाकी दाखवणारा काटा माणसाला पंपावर नेतो. पाव दाखवणारा घाटात नेतो.

घासलेली पट्टी दुरुस्त होईना, म्हणून जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून दुसरे युनिट आणले. आकार, भोके, सगळे सारखे. बसवण्याआधी चाचांनी ते टाकीपासून दूर, बाहेरच वायरला जोडून फ्लोट हाताने वर केला, तर काटा खाली आला! सगळ्या कंपन्यांची रीत एक नसते. काहींत टाकी भरली की अडथळा कमी होतो, काहींत वाढतो. मल्टिमीटरवर आमचे जुने युनिट फ्लोट वर असताना काही ओहम आणि खाली असताना शंभरावर दाखवत होते, आणलेले त्याच्या उलट. ते तसेच बसवले असते तर रिकाम्या टाकीला काट्याने फुल्ल म्हटले असते. ते परत केले, जोडीचे शोधायला चार दिवस गेले. त्या आठवड्याच्या फेऱ्या एसटीने झाल्या. युनिटखालचा रबरी वॉशर मात्र नवाच घातला. फूफीजानला पेट्रोलचा वास आला की मळमळते.

रिकामी टाकी परत बसवल्यावर पंपावर पाच-पाच लिटर भरत गेलो आणि दर वेळी काटा कुठे थांबतो ते वहीत लिहिले. सपाटीवर उभे राहूनच, कारण चढ-उतारावर पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरते आणि धडधाकट काटासुद्धा खोटे बोलतो. आमच्या काट्याचा ‘अर्धा’ खऱ्या अर्ध्याहून बराच कमी निघाला.

अब्बांना हे सगळे नवल वाटत नाही. त्यांच्या चेतक स्कूटरला काटाच नव्हता. गाडी अडखळली की खालचा नॉब रिझर्व्हवर फिरवायचा आणि पंप गाठायचा. जर्मनीच्या बीटल मोटारीलाही 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटा नव्हता, तसाच रिझर्व्हचा नळ होता. त्या गाड्या ‘आता थोडेच उरले’ एवढेच सांगत, पण ते खरे असे.

आता वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. किती भरले, तेव्हा किलोमीटर किती होते आणि त्यावरून किती उरले असावे, एवढेच त्यात असते. परवा सावळघाट चढताना काटा पुन्हा पावकडे झुकला. फूफीजानने मागून विचारले, “वहीत किती आहे रे?”

“नऊ लिटर.”

“मग चल.”