मशीन लावलं की लाइट जाते

दिंडोरीत मळ्यातल्या घरी असो की गावात, वॉशिंग मशीनची जागा बहुधा मोरीशेजारी, मागच्या ओट्यावर किंवा जिन्याखाली असते. तिथे ओल कायमची, आणि बऱ्याच घरी पाणी बोअरचं. अशा घरात एक दिवस मशीन लावताच सगळ्या घराची लाइट जाते. खटका वर केला की येते, मशीन लावलं की पुन्हा जाते. दोन-चार वेळा असं झालं की कुणीतरी सुचवतं, "ते आरसीसीबी काढा आणि डायरेक्ट जोडून टाका." हा सल्ला जिवावर बेतणारा आहे.

आधी बघावं, बोर्डातला कोणता खटका पडला. एमसीबी पडला असेल तर करंट प्रमाणाबाहेर ओढला गेला आहे: कुठेतरी शॉर्ट आहे, मोटर अडकली आहे किंवा एकाच लाइनवर गिझरही चालू आहे. आरसीसीबीचं काम वेगळं. फेजमधून जितका करंट गेला, तितकाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. या दोन्ही तारा आरसीसीबीत एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर कड्यात चुंबकत्व उरत नाही. फरक पडला की कड्यावरच्या बारीक गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका पडतो. हरवलेला करंट कुठे गेला? मशीनच्या पत्र्यातून अर्थिंगकडे, किंवा ओल्या हाताने मशीनला टेकलेल्या माणसातून जमिनीत.

घरगुती जोडणीसाठी या फरकाची मर्यादा 30 मिलिअँपिअर असते. कॅलिफोर्निया विद्यापीठातले चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिलं, की हातातली तार किती करंटपर्यंत सोडता येते. पुरुषांची सरासरी सुमारे 16 मिलिअँपिअर आली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे मूठ आवळलेलीच राहते. म्हणून 30 मिलिअँपिअरला पडणाऱ्या खटक्याचा खरा जीव त्याच्या वेगात आहे. तो सेकंदाच्या छोट्या अंशात पुरवठा तोडतो.

आता लाइट नेमकी केव्हा जाते ते लक्षात ठेवा. वायरमनला याहून उपयोगी माहिती दुसरी नाही. पाणी भरताना गेली तर पाण्याचा व्हॉल्व्ह, पाणी उपसताना गेली तर पंप, पिळताना गेली तर मोटर किंवा हादऱ्याने घासलेली वायर, असा संशय घ्यावा. पाणी तापताना गेली तर बहुधा हीटर. हीटरच्या नळीत तापणारी तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली असते. बोअरच्या जड पाण्याने नळीवर क्षारांचा थर चढतो, उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी जास्त तापून तडकते आणि भुकटीत ओल शिरते. मग करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. गार पाण्याचा प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि 60 अंशांच्या प्रोग्रॅमला लाइट जाते, तर आधी हीटर तपासून घ्या. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बहुधा हीटर नसतोच. तिथे मोटर आणि वायरिंगकडे बघावं.

एक प्रकार भल्याभल्यांना चकवतो. मशीनचं बटण बंद, तरी आरसीसीबी पडतो. आपल्या बोर्डावरचं बटण सहसा फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते. मशीनमध्ये न्यूट्रल पत्र्याला टेकली असेल, तर घरातल्या फ्रिजचा किंवा पंख्याचा परतीचा थोडा करंट तिथून अर्थिंगला जातो. म्हणून बटणावर भरवसा न ठेवता प्लग उपसून बघावा. प्लग काढूनही खटका पडत असेल तर दोष मशीनमध्ये नाही. तो वायरिंगमध्ये किंवा दुसऱ्या उपकरणात आहे. इन्व्हर्टरची न्यूट्रल चुकीच्या जागी जोडल्यानेही असं होतं.

साध्या मल्टिमीटरने लिकेज अनेकदा सापडत नाही, कारण त्याची बॅटरी काही व्होल्टचीच. 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) तपासायला सांगा, आणि तेही प्लग काढून. सोबत अर्थिंगही मोजून घ्या. उन्हाळ्यात मुरमाड जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मात्र कुणालाही तोडू देऊ नका. ती तुटली की दोष असूनही खटका पडत नाही आणि पत्रा वाट बघत राहतो.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही, तर मशीनच्या दुरुस्तीआधी आरसीसीबी बदलून घ्या.